ताटावरचा आडवा हात

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पंगतीत वाढणं हे एक प्रकरणच होतं. त्यांचं मूळ गाव धुळ्याकडचं. तिकडची रीत अशी की वाढपी आला की आधी ताटावर हात आडवा धरायचा आणि "बस, बस, पोट भरनं मन्हं" म्हणायचं. पोट भरलेलं नसतंच, आणि वाढणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो हात बाजूला सारतो, शपथ घालतो, रुसतो, तेव्हा कुठे बट्टी ताटात पडते. मागून खाणारा आमच्यात हावरा ठरतो. आबा तर या खेळात पक्के मुरलेले होते.

जळगावात ते डाळ मिलमध्ये कामाला होते. मालाला उठाव नाही म्हणून मिल आधी आठवड्यातले निम्मे दिवस चालू लागली, मग बंदच पडली. मी शिकवण्या घ्यायचे, पण गल्लीत सगळ्यांचीच ओढाताण, त्यात पहिली कात्री शिकवणीला लागली. रेशनचं धान्य आई रात्रीसाठी राखू लागली. दुपारी आबा आणि मी बसस्टँडमागच्या अन्नछत्रात जाऊ लागलो. आई येत नसे, तिला म्हणे दुपारची भूकच लागत नाही. पूर्वी तिथे पेशंटचे नातेवाईक आणि भिकारी दिसायचे. आता मिलमधले हमाल, रिक्षावाले, चटईच्या कारखान्यातल्या बायका, सगळी ओळखीची तोंडं. कोणी कोणाकडे बघत नसे.

पहिल्याच दिवशी आबांनी सवयीने हात आडवा धरला. ताटात एक पोळी आणि थोडं वरण. "बस, बस," म्हणाले. वाढणारा शहरातला, भला माणूस. "बरं काका," म्हणून तो पुढे सरकला. आबांचा हात तसाच ताटावर राहिला. मी समोर बायकांच्या रांगेत होते. तो परत फिरेल, आग्रह करेल, याची ते वाट बघत होते.

मला त्या माणसाचा संताप आला. वास्तविक त्याचं काय चुकलं? बाहेर दारापर्यंत रांग लागलेली, आग्रह करायला त्याला वेळ कुठला? घरी आईने विचारलं, "भरनं का पोट?" "भरनं," म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

एकदा मी समजावून पाहिलं. "आबा, तिथे लाजू नका, सरळ मागा."

"मांगीसन खाऊ? भिकारी शे का मी?"

अन्नछत्रातून परतताना ते असं म्हणत होते. खरं तर याचं हसू यायला हवं होतं, मला रडू आलं. अर्धपोटी राहून ते अब्रू राखत होते, आणि राखण्यासारखं दुसरं काही त्यांच्यापाशी उरलंही नव्हतं. सदरा अंगावर ढगळ होत गेला तरी हात आडवाच.

तो हात नेमका केव्हा थांबला, ते मला सांगता येत नाही. लक्षात आलं तेव्हा मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

यंदा मिल पुन्हा थोडीफार चालू झाली. अन्नछत्रात जाणं सुटलं. त्याच सुमारास असोद्याला बहिणीच्या सासरी तिच्या मुलाचं जावळ होतं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बहिणीचे सासरे स्वतः बट्ट्यांची टोपली घेऊन आबांसमोर आले. व्याह्यांना वाढायचं, म्हणून चार शपथा तयार ठेवूनच आले असणार. आबांनी ताट उचलून पुढे केलं. "द्या," म्हणाले.

सासरे दोन बट्ट्या वाढून मोठ्याने हसले. "यंदा आमचे याही लाजले नाही बॉ!"

पंगतही हसली. आबा, एकदा तरी नको म्हणा, इथे आग्रह करणारी माणसं आहेत, असं ओरडून सांगावंसं वाटलं. आबाही सगळ्यांबरोबर हसले, पण ताट काही त्यांनी मागे घेतलं नाही.