एका आकारात दोन सांडश्या

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत मी आमच्या स्वयंपाकघरातल्या नव्याकोऱ्या टाइल्सवर पर्मनंट मार्करने सांडशीचं चित्र काढलं. ही चूक होती, हे चित्र पूर्ण व्हायच्या आधीच कळलं, कारण मागे मंगल येऊन उभी होती आणि काही बोलत नव्हती. मंगल म्हणजे माझी बायको. ती बोलते तोवर काळजी नसते.

त्यात माझा हात थरथरतो. त्यामुळे सांडशी काढायला गेलो आणि झालं बदक. लांब चोच, गोल पोट...

"हे काय आहे?" शेवटी तिने विचारलं.

"सांडशीची जागा. म्हणजे सांडशी इथेच टांगायची. जागा रिकामी दिसली की कळणार, सांडशी कुठेतरी बाहेर आहे."

"सांडशी बाहेर कुठे जाणार? कॉलेजला?"

तर मुद्द्यावर येतो. वाचकांच्या अजब अनुभवांचा हा कॉलम मी कित्येक वर्षं वाचतो, ते बहुतेक हसण्यासाठी. कुणी रागावू नका. आमच्या वडिलांनी जालन्याकडून मुंबईला येतानाच अंगारे-धुपारे गावच्या वेशीवर ठेवले होते. घरात लिंबू आणायचं ते सरबताला. शिवाय माझी नोकरीच अशी की कारण सापडल्याशिवाय फाइल बंद करता येत नाही. मी एका छोट्या विमान कंपनीत सेफ्टी मॅनेजर आहे. छोटी म्हणजे भाड्याने जाणारी दोन लहान विमानं, आणि ती जिथे उभी असतात, धुतली-तपासली जातात ते कलिन्याच्या बाजूचं हँगर. राहतो मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. लोकांना वाटतं सेफ्टी मॅनेजर म्हणजे मोठं काम. खरं काम म्हणजे सगळ्यांच्या मागे भुणभुण लावणं. त्यामुळे घरी मला पगार नसला तरी काम तेच चालू असतं.

आमच्याकडे हँगरमध्ये भिंतीवर एक मोठा बोर्ड आहे. त्यावर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला... हा पाना इथे, ती पकड तिथे. मेकॅनिकने हत्यार काढलं की त्या खुंटीवर स्वतःच्या नावाचा पितळी बिल्ला अडकवायचा. काम झालं की हत्यार परत आणि बिल्ला खिशात. बोर्डावर एक जरी आकार रिकामा असेल तर विमान हलत नाही. मग आत मंत्री बसलेला असो की नवरदेव. कारण उघड आहे – विमानात विसरलेला पाना गप्प पडून राहत नाही.

शिवाय प्रत्येक हत्यारावर आमची खूण आणि नंबर कोरलेला असतो. कोरायचं मशीन माझ्याच ताब्यात. एका रविवारी रीतसर विचारून ते घरी आणलं आणि आमच्या सांडशीवर 'मंगल' असं कोरलं. तुम्ही म्हणाल त्यात काय, लग्नाच्या भांड्यांवर नावं असतातच. पण माझा हात सांगितलाच. शेवटच्या अक्षरावरून सुई घसरली आणि दांड्यावर वाकडा ओरखडा उमटला, पार खिळ्यापर्यंत. मंगल म्हणाली, "नावाला शेपूट पण काढलंत. बदकाला शोभेल."

हा ओरखडा लक्षात ठेवा.

या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे सरकारी तपासणी येणार होती. मालकीणबाईंना – त्यांना सगळे मॅडमच म्हणतात – हँगर अगदी झकास दिसायला हवं होतं. झिजलेले पाने बदलायचे म्हणून नवे आले होते. सकाळी मी बोर्डापुढे उभा राहिलो तर एक आकार रिकामा. बिल्लाही नाही. मला वाटलं, जुना झिजला म्हणून आमच्या इंजिनीअर सावंतने बाद केला असणार. खोक्यातून त्याच मापाचा नवा पाना काढला, खुंटीला लावला, दोन पावलं मागे सरून बघितलं. भरलेला बोर्ड बघून मला जे समाधान मिळतं ते लोकांना समुद्र बघून मिळतं.

तपासणी झाली. साहेब लोकांनी बोर्डाचं कौतुकही केलं. मी लाजलो.

दुपारी एक विमान कोल्हापूरला जायचं होतं. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि त्यांचं तान्हं बाळ. बारसं गावच्या घरी करायचं म्हणून निघालेले. आजीच्या मांडीवर बाळ, आजीच्याच पिशवीत पाळण्याला बांधायची खेळणी. पायलट आमची श्रेया. नोकरीला लागली तेव्हा मीच तिला हँगर दाखवलं होतं, तेव्हापासून मी काका. विमान तपासलं होतं सावंतने. सावंत म्हणजे आमचा सगळ्यात जुना इंजिनीअर, मालवणचा. काम चोख, तोंड त्याहून चोख.

मंडळी बसली. दार लागायचं होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. मंगल.

ती बालवाडीत शिकवते, दुपारी घरी येते. कामाच्या वेळी सहसा फोन करत नाही.

"अहो, तुम्ही दुसरी सांडशी आणलीत का?"

"नाही गं. का?"

"मग ही कुठून आली? तुमच्या बदकावर दोन सांडश्या टांगल्यात. एकीवर एक."

"शेजारच्या वहिनींची असेल."

"त्यांच्या सांडशीवर माझं नाव कशाला असेल? दोन्हींवर 'मंगल' आहे. दोन्हींना शेपूट आहे."

मी हसलो. म्हटलं, "मी एकच कोरली होती. आता ठेव, इथे विमान सुटतंय."

पण मंगल फोन ठेवणाऱ्यातली नाही. "ठेवते. पण मला एक सांगा, तुमचाच कायदा ना... एका वस्तूला एकच जागा. मग एका जागेवर दोन झाल्या तर काय समजायचं?"

आता माझा स्वभाव असा की नियम कुणी विचारला की मी ट्रेनिंगच्या सुरात सुरू होतो. झोपेतून उठवलं तरी. मी म्हणालो, "समजायचं की एक वस्तू अजून बाहेर आहे आणि तिच्या जागी कुणीतरी भलतीच..."

आणि माझी नजर बोर्डाकडे गेली.

"अहो? हॅलो?"

फोन तसाच हातात धरून मी बोर्डाकडे गेलो. धावलो म्हणायला आवडलं असतं, पण माझं पोट बघता ते भरभर चालणंच होतं. सकाळी लावलेला पाना काढला आणि उलटा केला. गुळगुळीत. ना खूण ना नंबर. माझ्याच हाताने लावलेला, माझ्याच हाताने न कोरलेला पाना.

मग जुना कुठे होता?

बाहेर श्रेयाने दार लावून घेतलं होतं. मी विमानापुढे जाऊन दोन्ही हात आडवे करून उभा राहिलो. मॅडम तरातरा आल्या.

"गायकवाड, काय चाललंय? आत्ता निघालं नाही तर विमानतळावरून पुढची वेळ संध्याकाळची मिळेल."

"मॅडम, शेपटी उघडायची आहे. सकाळी सावंतचं काम तिथेच चालू होतं."

"का? सावंतने तपासलंय ना?"

आता काय सांगणार? घरी सांडश्या दोन झाल्यात म्हणून? हातातल्या फोनमधून मंगल अजून "हॅलो, हॅलो" करत होती.

"बोर्डावरचा एक पाना आपला नाही," मी म्हणालो. "तो मी लावलाय. आपला बाहेर आहे."

मॅडम वाद घालण्यात हुशार आहेत, पण मूर्ख नाहीत. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उतरवा सगळ्यांना. मी बोलते त्यांच्याशी."

सावंत शिडी लावेपर्यंत बडबडत होता. "ओ गायकवाडांनू, मी काय काल कामाक लागलंय? बोर्ड भरलेलो होतो. मी सोता बघितलंय."

त्याने शेपटीचं झाकण उघडलं, टॉर्च आत धरला आणि डोकं आत घातलं.

"ह्यो हयसर कसो रवलो..."

शेपटीच्या आत पोलादी दोर असतात. पायलटने पुढे दांडा ओढला की हे दोर मागे शेपटीचे पट्टे हलवतात, आणि विमानाचं नाक वर जातं, खाली येतं. हे दोर ज्या चाकावरून फिरतात त्या चाकाच्या बाजूलाच आमचा पाना आडवा पडला होता. आमची खूण, आमचा नंबर. जमिनीवर काही कळलं नसतं. वर जाऊन एक हिसका बसला असता तर तो सरळ चाकात अडकला असता. मग श्रेयाने कितीही दांडा ओढला असता तरी...

ते वाक्य मी तेव्हाही पूर्ण केलं नाही, आत्ताही करत नाही.

झालं होतं एवढंच. सकाळी सावंत शेपटीत काम करत असताना तपासणीच्या साहेबांनी त्याला काहीतरी विचारायला खाली बोलावलं. पाना आतच राहिला. त्याचा बिल्ला खुंटीवरून घरंगळून कपाटामागे पडला होता, तो नंतर सापडला. सावंत परत आला तेव्हा बोर्ड भरलेला, माझ्या कृपेने. "माका वाटला, मीच आणून लावलंय," तो म्हणाला. स्वतःच्या आठवणीपेक्षा बोर्डावर विश्वास ठेवायचा, हे त्याला मीच तर शिकवलं होतं.

आजीला काय झालं ते नीट कळलं नव्हतं. ती मला म्हणाली, "उशीर झाला तर होऊ दे हो. बाळ झोपलंय तोवर बरंय." मी मान हलवली. हँगरच्या मागे जाऊन नळाखाली डोकं धरलं आणि बराच वेळ तसाच राहिलो. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, परीक्षेच्या निकालानंतरसुद्धा नाही.

सगळं विमान पुन्हा तपासून संध्याकाळी सोडलं. नीट पोचलं. जाण्याआधी श्रेयाने विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?"

"अनुभव," मी म्हणालो. कसला डोंबलाचा अनुभव.

चौकशीत माझी चूक मीच लिहून दिली. नियम बदलला: कोरल्याशिवाय नवं हत्यार बोर्डाच्या जवळही आणायचं नाही, आणि बिल्ल्याला आता चिमटा असतो. 'चूक कशी लक्षात आली' या प्रश्नापुढे मी लिहिलं, 'कुटुंबीयांशी झालेल्या फोनवरील चर्चेतून'. मॅडमनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता सही केली.

घरी आलो तर सांडश्या दोन होत्याच. ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. तेच अक्षर, तोच माझा थरथरता 'ग', तोच वाकडा ओरखडा, खिळ्यापर्यंत. माझ्या हाताने मी एकाच दिवशी दोन सरळ रेघा सारख्या काढू शकत नाही, तर वाकड्या कुठून काढणार? शेजारच्या वहिनींना विचारलं, भांडी घासायला येणाऱ्या ताईंना विचारलं. किल्ली फक्त आम्हा दोघांकडे. सकाळी मंगलने चहाचं पातेलं उतरवलं तेव्हा एकच होती. कारण सापडेपर्यंत फाइल बंद करायची नाही, हा माझा धर्म. ही फाइल उघडीच आहे. दोन्ही सांडश्या आजही घरात आहेत आणि पहिली कुठली, ते आम्हाला सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी मंगलला सगळं सांगितलं. बाळ, आजी, दोर, पाना. ती ऐकत राहिली. माझ्यासमोर चहा ठेवला. काही बोलत नव्हती, म्हणून मला काळजी वाटायला लागली. मग उठली, बेडरूममधल्या कपाटात तिने स्वतःच लपवून ठेवलेला तो पर्मनंट मार्कर घेऊन आली आणि माझ्या हातात दिला.

"काढा अजून एक," ती म्हणाली. "एवढ्या कामाची पाहुणी आलीय, तिला जागा नको? आणि या वेळी तरी बदक काढू नका."