दोन यमुनाबाई

आमचे नाना कारकून कुणालाच आधी नाव विचारत नसत. "कुठले? कुणाकडचे?" हे झालं की मग नाव. "नाव हा माणसाचा सगळ्यांत कच्चा पुरावा," असं ते म्हणत.

नव्वदच्या सुमारास जळगावच्या आमच्या कचेरीत संगणक आला. धरणात जाणाऱ्या गावांतल्या कुटुंबांना प्लॉट मिळायचे होते. त्यांची यादी करणं माझ्याकडे आलं. एकाच माणसाचं नाव दोनदा नको, अशी वरून ताकीद. पण संगणकाला 'सारखं' म्हणजे अक्षरन् अक्षर सारखं, एवढंच कळे. 'सुकदेव' आणि 'सुखदेव' त्याच्या लेखी दोन माणसं. म्हणून सारखेपणाचा नियम मीच लिहून दिला: ऱ्हस्व-दीर्घ सोडा, क-ख एक धरा; नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव जुळलं की माणूस एकच. यादी झरझर आटली. मी खूश.

नाना छापील यादी घेऊन आले. "ताई, यमुनाबाई भिला पाटील एकच दिसते."

"दोनदा होती. एक काढली."

"काढली? अहो, त्या दोन बाया आहेत! यादी मंजुरीला धुळ्याला कधी जाते?"

"उद्या."

नाना तडक साहेबांकडे गेले आणि आठवड्याची मुदत घेऊन आले. सकाळच्या एस.टी.ने आम्ही गावात. दोघी विधवा, पारावर शेजारी शेजारी बसल्या. नानांनी एकीला विचारलं, "तुमनं माहेर कोनतं शे?"

"भडगाव."

दुसरी म्हणाली, "धरणगाव."

गावात त्यांना यमुना कुणी म्हणतच नव्हतं. एक भडगाववाली, दुसरी धरणगाववाली. आमच्या अर्जात मात्र माहेराला रकानाच नव्हता.

नानांनी आठवडाभर गावोगाव फिरून माहेरं लिहून आणली. मी ती नियमात घातली आणि यादी पुन्हा काढली. वगळलेल्या पाच बाया परत आल्या. माझा जीव भांड्यात पडला. यादी मंजूर होऊन आली तेव्हा धरणगाववाली कचेरीत आली. तिला वाचता येत नव्हतं. "मन्हं नाव शे ना?"

"शे, अक्का," म्हणत नानांनी तिचं बोट त्या ओळीवर टेकवलं. तिने ते बराच वेळ उचललं नाही.

पुढच्या वर्षी नाना निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी म्हटलं, "नाना, हे यंत्र जरा शिकून घ्या ना."

"मला कशाला? नाव काढायच्या आधी तुम्ही विचारत जा, म्हणजे झालं."

आज इतकी वर्षं याद्या करते आहे. काढायच्या प्रत्येक नावापाशी थांबते आणि त्या गावात कुणाला तरी फोन लावते.