नाकोबानं हुंगलेली टाकी

त्याला सगळे नाकोबा म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. आवडणार नाही तर काय! गाडी फाटकातून आत येतेय न येतेय तोच हा बसल्या जागेवरून सांगायचा, "क्लच जळलाय," आणि उघडून बघावं तर तेच निघायचं. गिऱ्हाईक चाट पडायचं. त्याची बायको म्हणायची, "या माणसाशी लग्न केल्यापासून घरात चोरून काही खायची सोय राहिली नाही."

गॅरेजात त्याच्या नाकावर एक कामही चालायचं, आणि ते काम म्हणजे पोरखेळ नव्हता. पेट्रोलच्या टाकीला डाग द्यायचा, म्हणजे ज्योतीनं पितळ वितळवून जोड लावायचा, तर भ्यायचं ते रिकाम्या टाकीला. आत वाफ कोंडलेली असते. तिला ज्योत दिसली की खेळ खलास. म्हणून शहाणी माणसं टाकीत पाणी भरतात आणि मग ज्योत लावतात. नाकोबाकडेही पूर्वी असंच करायचे. पण पाण्यानं पत्रा गार राहतो, पितळ नीट धरत नाही, जोड सुटतो आणि गिऱ्हाईक बोंबलत परत येतं. मग हळूहळू त्यांची स्वतःची एक पद्धत पडून गेली. टाकी सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुवायची, उन्हात वाळवायची, नाकोबानं तिच्या तोंडाशी नाक न्यायचं आणि "चालू दे" म्हणायचं. तो म्हणाला की ज्योत पेटायची. कधी म्हणून चूक झाली नाही.

ज्योत धरायची त्याची लेक. नाकोबाचे हात अलीकडे थरथरायचे, पण पोरीचा हात असा की बघत राहावं. "बाबा, तुम्ही नाक सांभाळा, हाताचं मी बघते," असं ती म्हणायची आणि बाप खूश व्हायचा.

तर असा हा नाकोबा थंडीच्या दिवसांत तापानं पडला. ताप उतरला, चहाचा कप तोंडाशी नेला आणि त्याला वाटलं, बायकोनं नुसतं गरम पाणीच दिलंय. चहा नेहमीचाच होता. त्यानं साबण हुंगला, रॉकेलचा डबा हुंगला. काही नाही. आज येईल, उद्या येईल, असं म्हणत त्यानं वाट पाहिली. वास काही परत आला नाही.

सांगितलं का कुणाला? छे! मूग गिळून गप्प बसला. हात गेलेलेच होते, आता नाकही गेलं म्हटल्यावर त्या गॅरेजात त्याचं उरलं काय होतं? स्टूल आणि चहा. तो आपला पूर्वीसारखाच टाकीवर वाकायचा, डोळे मिटायचा, दमानं श्वास घ्यायचा आणि मान डोलवायचा. नाटक बरं वठायचं. मनात मात्र त्याचा सगळा भार लेकीवर असे. तिलाही नाक आहे, काही कमीजास्त असलं तर तिला कळेलच की! एकदा तसं झालंही. "बाबा, मला थोडा येतोय वाटतं, पुन्हा धुते," असं ती म्हणाली होती आणि याला दरदरून घाम फुटला होता.

घरीही एकदा पितळ उघडं पडता पडता राहिलं. तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता. बायको नातीला, लेकीच्या छकुलीला, घेऊन बाहेरून आली ती दारातच थबकली. "अहो, गॅस! एवढा वास सुटलाय आणि तुम्ही खुशाल बसलाय?" तिनं पोरीला अंगणात ढकललं, नाक दाबून आत धावली, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. "आत्ता उठणारच होतो," असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली. बायकोनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

अशातच मोठ्या बाईंची गाडी आली. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. गाडी त्यांच्या नवऱ्याची, गोल दिव्यांची, बाकदार पाठीची. नवरा गेल्यापासून ती छपराखाली उभीच होती. इंजिन ठणठणीत, पण धूर बाहेर नेणारी नळी कुजून चाळण झालेली आणि पेट्रोलची टाकी खालून पाझरत होती. "यांनी ही गाडी जिवापाड जपली. मला एकदा तिच्यात बसून घरी जायचंय," असं बाई म्हणाल्या. लेकीनं लगेच हो म्हटलं.

नळीचं काम आधी घेतलं. बोल्ट गंजून इतके एकजीव झाले होते की तेल मुरवलं, शेकले, तरी हलेनात. शेवटी लेकीनं ते कापूनच काढले. नवीन नळी इंजिनापासून मागपर्यंत टांगली, नवा सायलेन्सर बसवला. जोड कुठं फुसफुसतो का ते ऐकायला नाकोबानं गाडी चालू केली आणि तो कान लावून खाली बसला. लेक बाहेरून आली आणि खोकायलाच लागली.

"बाबा! बाहेर या आधी! सगळं शेड धुरानं भरलंय. गुदमरत नाही का तुम्हाला?"

"अगं, आयुष्य गेलं या धुरात," तो म्हणाला. पण बाहेर येताना त्याला गरगरत होतं आणि भिंत धरावी लागली. लेकीनं ते पाहिलं आणि वयाच्या खात्यावर टाकलं.

टाकी मात्र नवी मिळेना. भंगारवाल्याकडे याच जातीची एक मोडकी गाडी होती, तिची टाकी काढून आणली. पत्रा जाड आणि चांगला, फक्त तोंडाची नळी मोडलेली. जुन्या टाकीचं तोंड कापून हिला जोडायचं ठरलं. लेकीनं ती धुऊन उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती लालबुंद नाक घेऊन, शिंकत, डोळ्यांतून पाणी गाळत.

"सर्दीनं जीव घेतलाय. डोकं भणभणतंय, कशाची चव नाही, कशाचा वास नाही," ती म्हणाली.

आज या शेडमध्ये एकही नाक चालू नव्हतं, आणि हे फक्त नाकोबाला माहीत होतं.

"मग राहू दे ना आज. उद्या करू," तो म्हणाला.

"मोठ्या बाई येऊन बसल्यात बाहेर. हात माझा चालतोय की."

"पुन्हा एकदा धुऊया."

"धुतलीय हो बाबा, चांगली धुतलीय."

"मग पाणी भरून करूया. पूर्वी करायचो तसं."

लेकीनं मान वर केली. "पाणी? कशाला? वास येतोय का तुम्हाला?"

तो टाकीवर वाकला. डोळे मिटले, दमानं श्वास घेतला. नुसती हवा आत गेली, बस्स. "नाही," तो म्हणाला. खरंच तर होतं ते! लेकीनं मान हलवली, काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तोंडाची नळी टाकीवर बसवली. तो "चालू दे" म्हणाला नव्हता, पण तिनं ते गृहीत धरलं. ठिणगी पाडली, ज्योत आधी पिवळी झाली, मग निळी, मग टोकदार. ती ज्योत घेऊन वाकली.

आपली लेक आहे ही. नाकोबाला पुढचं काही सुचलंच नाही. तो धडपडत ज्योतीच्या गॅस सिलिंडरपाशी गेला आणि त्यानं चावी फिरवली. थरथरत्या हातांनी ती एकदा निसटली, मग फिरली. ज्योत फट्‌ करून विझली.

"बाबा! काय करताय?"

"मला वास येत नाही."

"म्हणजे झालं की मग!"

"तसं नाही गं. मला कशाचाच वास येत नाही."

ती हसणार होती. मग तिनं चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी मेलं. ती दाराशी गेली. "मोठ्या बाई, जरा आत येता? याचा वास घेऊन सांगाल?"

बाई आल्या, पदर सावरून वाकल्या आणि चटका बसल्यागत मागे सरल्या. "अगं बाई, पेट्रोल! भरलेली आहे की काय ही?"

टाकीच्या आत आडव्या पट्ट्या असतात. त्यांच्या सांदीत जुनं पेट्रोल चिकटून राहिलं होतं आणि शेडच्या उकाड्यानं ते वाफ होऊन वर येत होतं. लेक खाली फरशीवरच बसली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून."

ती मनातल्या मनात मागं मागं जात राहिली. "भाजीवाल्याच्या टेम्पोची टाकी?"

तो सिलिंडरची चावी पुन्हा घट्ट करायला लागला.

"बोला ना बाबा. शाळेला सुट्टी होती म्हणून छकुलीला आणलं होतं त्या दिवशी. माझ्या पाठीमागं बसली होती ती. तेव्हाही तुम्ही असंच हुंगलंत?"

"मला वाटलं, तू धुतलीय म्हणजे काही प्रश्नच नाही," तो म्हणाला. "तू नीट धुतेस."

"मी कुठं नीट धुते!" ती किंचाळलीच. "एकदा पाणी फिरवते आणि ठेवते उन्हात. बाबा हुंगतील, राहिलं असलं तर सांगतील, म्हणून! ही पण तशीच धुतलीय. सगळ्या तशाच धुतल्यात."

मोठ्या बाई हळूच बाहेर गेल्या. नाकोबा लेकीच्या जवळ जायला उठला, पण तिनं हात आडवा धरला. मग तिनं आईला फोन लावला आणि छकुली कुठं आहे ते विचारलं. छकुली घरीच होती, जेवत होती. तरी तिनं तिला फोनवर बोलवलं, काय जेवतेस, कुणाजवळ बसलीस, असं काहीबाही विचारत राहिली, आणि तेवढ्या वेळात तिनं बापाकडे एकदाही पाहिलं नाही.