काकडीचा स्वातंत्र्यदिन

आमच्या भांडुपच्या काकांसमोर आजवर एकाही पदार्थाला आपलं भारतीयत्व सिद्ध करता आलेलं नाही. पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस ताटावर बसला की विमानतळावरचा पासपोर्ट तपासणारा अधिकारी होतो. अंधेरीला माझ्या लग्नात पाहुणे अक्षता टाकून जेवायला वळले, तर हे रांगेच्या तोंडाशी उभे. "समोसा? इराणकडचा. जिलबी? अरबांची. बटाटा, टोमॅटो, मिरची? पोर्तुगीजांनी जहाजातून आणलीय. घ्या, घ्या, लाजू नका!" माझे सासरे रिकामी प्लेट घेऊन कितीतरी वेळ ताटकळले. एकदा काकींची संकष्टी होती. खिचडी पुढ्यात येताच काका म्हणाले, "साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची. चारही अमेरिकेकडचे. गो, देवाक तुझो उपास कळतलो तरी खय?" आणि स्वतः दोन वाट्या खिचडी हाणली, उपास नसताना. एकदा माहिती सांगून झाली की त्यांना काहीही पचतं.

झेंडावंदनाला दरवर्षी काकी सोसायटीसाठी बटाटेवडे करायच्या. त्या वड्यांसाठी आमच्याकडचे तमिळ, गुजराती, नागपूरकडचे, सगळे झाडून वेळेआधी झेंड्याखाली हजर. आमच्या देशभक्तीचं थोडं श्रेय त्या वड्यांना द्यायलाच हवं. गेल्या वर्षी सेक्रेटरीला अवदसा आठवली. "काका, यंदा नाश्ता शंभर टक्के भारतीय करूया ना. तुम्हीच ठरवा."

काकांनी पहिला वडाच खोडला. मग पाव, मग चहा. इडलीवर इंडोनेशियाचा संशय घेतला, तेव्हापासून चौथ्या मजल्यावरच्या तमिळ मामींनी त्यांना कॉफी विचारणं बंद केलं. आठ दिवस खोडाखोड चालली आणि शेवटी यादीत उरली काकडी. वर मिरपूड. राष्ट्रगीत संपल्यावर अख्खी सोसायटी झेंड्याखाली उभी राहून काकडी खात होती. नुसतं कुरुम कुरुम.

घरी गेल्यावर काकींचा बांध फुटला. मी तिथेच होतो. "तुमी तरी खयचे? मालवणातसून इलात, भांडुपात रवलात. तुमका कोणी भायर काढल्यान? खांदो धरलो हा माझो. औंदा शेवटचे वडे करतलंय म्हणान सांगितलंय मी. ऐकलात?"

काकांनी ऐकलं नव्हतं. काकींनी सांगितलं तेव्हा ते काकडीचं मूळ शोधत होते. त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची दया आली, आणि रागही तितकाच आला.

यंदा वडे काकांनी तळले. काकी बाजूला खुर्चीत बसून "आच कमी करा", "हात नका लावू" असं सांगत होत्या. वडे वेडेवाकडे झाले, दोन-तीन तेलातच फुटले. पहिला वडा काकांनी काकींच्या हातात ठेवला. त्यांनी तो सावकाश चावला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आसा."

बटाटा कुणी आणला, मिरची कुठून आली, यातलं काका काही सांगत बसले नाहीत. नुसते मिठाची वाटी घेऊन खुर्चीशी उभे राहिले. मी वडा उचलला खरा, पण काकींच्या हातचा आता पुन्हा मिळायचा नाही, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.