फोन पुसायच्या आधी आत कोण आहे ते बघा

बायांनो, रोज सकाळी फोनवर गुलाबाची फुलं पाठवणं बंद करा. का ते सांगते.

आमच्या उमेळ्याला अर्नाळ्याची हिरा मासे विकायला येते. आज दारात टोपली ठेवून म्हणाली, "मावशी, फोन भरला. दुकानवाला म्हनतो, सगलं पुसून देतो."

"मग दे की पुसायला."

"त्यात ह्यांचा आवाज हाय."

तिचा नवरा गेल्या वर्षी वारला. होडी किनाऱ्याजवळ येऊन रेंज मिळाली की तो बोलून मेसेज पाठवायचा. मग ही टोपल्या घेऊन किनाऱ्यावर हजर.

मी तिसरीपर्यंत शिकले. हेसुद्धा फोनला बोलूनच लिहितेय. पण फोन मला कळतो. आधी तिच्या नवऱ्याचे सगळे आवाज माझ्या फोनवर पाठवले. एक फोन पाण्यात पडला तरी दुसऱ्यात राहतील. मग बघितलं, तर जागा खाल्लेली कोणी? फुलं, देव आणि चहाच्या कपांनी! ते सगळं पुसलं. फोन लागला पळायला.

आवाज नीट आलाय का म्हणून एक लावला.

"हिरे, आलो गं. बोंबील चांगले गावलेत. उनात उभी राहू नको."

हिरा अंगणात उन्हातच उभी होती. मुकाट्यानं पडवीच्या सावलीत सरकली. तो होता तेव्हा त्याचं एक ऐकत नव्हती.

तुमच्या फोनात कोणाचा आवाज आहे? आजच दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. आणि मी रोज उठते, ते माझं फूल आलं नाही तरी समजून घ्या.