अप्पारावांचा बारावा शिष्य

छावणीतल्या चर्चमध्ये अप्पाराव शेजवळ यांच्याइतकं नम्र माणूस दुसरं नव्हतं आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असत. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'प्रीतिसेवा मंडळ' काढलं. अध्यक्ष ते, सचिव ते आणि बॅनरवर सगळ्यांत मोठा फोटोही त्यांचाच. थंडीत मंडळ फुटपाथवरच्या लोकांना ब्लँकेट वाटायचं. घेणाऱ्यानं मान वर करून हसावं, असा अप्पारावांचा आग्रह असे. एकदा एक म्हातारा काही केल्या हसेना. अप्पारावांनी ब्लँकेट परत घेतलं, त्याला समजावलं आणि पुन्हा दिलं. तो मनासारखा हसेपर्यंत हे चाललं होतं.

"सेवेला मन लागतं," ते बायकोला म्हणायचे.

"आणि इस्त्रीचा शर्ट," रत्नमालाबाई म्हणायच्या. इस्त्री त्याच करत.

यंदा ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारच्या उपासनेत पाय धुण्याचा विधी करायचं ठरलं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं बाराजणांचे धुवायचे. हा मान कुणाला द्यावा, यावर पंचमंडळात चर्चा सुरू होण्याआधीच अप्पारावांनी नवा टॉवेल विकत आणला होता.

बाराजणही त्यांनीच निवडले. निवडताना श्रद्धा पाहिली नाही, टाचा पाहिल्या. भेगा नकोत, नखं कापलेली हवीत. वर प्रत्येकाला फोन करून सांगितलं, की घरून पाय स्वच्छ धुऊन या.

"म्हणजे तुम्ही धुतलेलेच पाय धुणार?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"विधी आहे तो. अंघोळ नाही."

गुरुवारी संध्याकाळी मात्र अकराच खुर्च्या भरल्या. बारावे गृहस्थ साखरपुड्याला सिल्लोडला गेले होते, ते गाडी बंद पडून तिथंच अडकले. पाळकसाहेबांनी शिपाई सुदर्शनला खूण केली. सुदर्शननं फार डोकं चालवलं नाही. शेजारच्या बांधकामावर राखणीला असलेला बिरू त्याला फाटकाशी उभा दिसला. त्याचाच हात धरून सुदर्शननं त्याला बाराव्या खुर्चीवर आणून बसवलं.

बिरू देवगाव रंगारीचा. मेंढरं भावाच्या हवाली करून शहरात पोट भरायला आलेला. आत काय चाललंय, ते त्याला धड माहीत नव्हतं. डाव्या पायाला त्यानं सिमेंटच्या गोणीचा तुकडा गुंडाळला होता.

अप्पारावांनी अकरा जणांचे पाय मोठ्या भक्तिभावानं धुतले. प्रत्येक पायाशी फोटोपुरतं थांबले. बाराव्या खुर्चीपाशी आले, गोणीचा तुकडा सोडला आणि चटकन हात मागे घेतला. अंगठा काळा पडला होता, जखमेतून पू येत होता.

"सळई लागली व्हती, सायेब," बिरू ओशाळून म्हणाला. "लई दिस झाले. अंगात साखर हाय म्हनत्यात. राहू द्या, घाण हाय."

अप्पारावांनाही राहूच द्यायचं होतं. त्यांनी तांब्या उंच धरून लांबूनच धार सोडली. तेवढ्यात पाळकसाहेबांना गहिवर आला आणि ते माइकवर म्हणाले, "पाहा मंडळी, प्रीतीला किळस येत नाही!" सगळ्यांच्या माना वळल्या. आता अप्पारावांना पाय हातात धरण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्यांनी तो धरला, धुतला आणि नव्या टॉवेलनं टिपला. मग माइक हाती आला, तसा त्यांचा धीर परत आला. ते म्हणाले, "बिरू, आजपासून तुझा पाय तो माझा पाय!"

मंडळीनं डोळे पुसले. अप्पारावांनाही आपलं वाक्य फार आवडलं. घरी आल्यावर त्यांनी आठवड्यानं येणाऱ्या नळाचं भरून ठेवलेलं अर्धं पिंप हात धुण्यात संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सुदर्शनला पत्ता विचारून आलेला बिरू उभा होता.

"सायेब," तो म्हणाला, "पाय आनलाय."

अप्पाराव दार अडवून म्हणाले, "अरे, तो विधी होता. वर्षातून एकदाच असतो."

बिरूचा चेहरा पडला. "समद्यांम्होरं बोलला ना तुमी, तुमचाच पाय म्हून?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यानं खरंच विश्वास ठेवला होता.

आतून रत्नमालाबाईंचा आवाज आला. "येऊ द्या की आत. तुमचाच पाय आहे. मी पाणी गरम करते."

अप्पाराव खाली बसले. पाय धुताना डोक्यात एकच विचार होता, की हे लफडं कुणाच्या तरी गळ्यात कसं घालायचं. त्यांनी बिरूला स्कूटरवर बसवून घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रांगेत उन्हानं दोघंही भाजून निघाले. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि भरतीच करून घेतलं. अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल, म्हणाले.

"सोबत कोण आहे?"

बिरूनं अप्पारावांकडे बोट दाखवलं.

ऑपरेशन शनिवारी सकाळी ठरलं. त्याच वेळी शहरातल्या एका सभागृहात अप्पारावांना 'सेवारत्न' पुरस्कार मिळायचा होता. शाल, स्मृतिचिन्ह, भाषण, सगळं ठरलेलं. त्यांनी मंडळातल्या एकेकाला फोन लावला. एकाच्या नातवाचा वाढदिवस होता, एकाची कंबर धरली होती, एकाला दवाखान्याचा वासच सहन होत नव्हता. प्रार्थना करायला मात्र सगळे एका पायावर तयार होते. पाळकसाहेब म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस तिथं असताना दुसऱ्याची गरज काय?"

शेवटी अप्पाराव सूट घालूनच घाटीत गेले. बिरूला आत नेलं की मागल्या मागं सटकायचं, असा बेत होता. स्ट्रेचर आलं. बिरूनं त्यांच्या कोटाची बाही घट्ट धरली.

"सायेब, मी मेलो तर माझ्या बायकूला, वच्छलाला, काय सांगाल?"

अप्पारावांपाशी कितीतरी भाषणं तयार होती. यावर एकही लागू पडेना.

"मरत नाहीस तू."

"तुमी हितंच थांबता ना?"

"हो," ते म्हणून गेले.

स्ट्रेचर आत गेलं. जिना समोरच होता. त्यांचं 'हो' ऐकणारा आता भुलीखाली जाणार होता. अप्पाराव जिन्यापर्यंत गेले, स्वतःलाच एक शिवी हासडली आणि परत येऊन बाकावर बसले. टाय सोडून खिशात कोंबला.

तिकडे पुरस्कार प्रीतिसेवा मंडळाच्या उपाध्यक्षांनी स्वीकारला आणि त्यागावर भाषण ठोकलं. हे फोनवर ऐकून अप्पारावांचा इतका तिळपापड झाला, की नर्सनं त्यांना वॉर्डाबाहेर काढलं. शुद्धीवर येताना बिरूला उलटी झाली ती थेट सुटावर.

पाय वाचला. पण बिरूला उठता येत नव्हतं आणि गावाकडून कुणी आलं नव्हतं. मग भांडं देणं, पाठ पुसणं, चहा पाजणं, सगळं अप्पारावांनीच केलं. फार वाईट केलं. भांडं सांडलं, चहा बिरूच्या गळ्यावर ओतला आणि दर वेळी बिरूवरच खेकसले. एका दुपारी रत्नमालाबाई डबा घेऊन आल्या, तर हे खाटेजवळ फरशीवर वर्तमानपत्र अंथरून तोंड उघडं टाकून झोपलेले. त्या शेजारी बसल्या आणि पदरानं त्यांच्यावरच्या माश्या हाकत राहिल्या.

वच्छलाबाई निरोप मिळताच देवगावहून निघून आली. नवरा जिवंत पाहून ती आधी त्याच्यावर ओरडली, मग रडली. अप्पारावांना एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमी व्हता म्हून." एरवी अशा वाक्यावर ते अर्धा तास बोलले असते. आता ते औषधांची चिठ्ठी तिच्या हातात देऊन गोळ्यांच्या वेळा सांगू लागले.

बिरूला सोडलं, त्या दिवशी शेजारच्या खाटेवरून पाचोडचा फकिरा नावाचा म्हातारा बोलला, "सायेब, उद्या येनार का? मला बी संडासला न्यायला कुनी नाय."

"मी काय इथं नोकरीला आहे?" अप्पाराव गरजले आणि तरातरा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "पातळ खिचडी दे थोडी डब्यात. त्याला दात नाहीत."

"कुणाला?"

"आहे एक थेरडा. फार तिरसट आहे," अप्पाराव म्हणाले. "मीठ जरा बेतानं टाक."