साइड दिली नाही

आमच्या घरात सायकलीची जागा गोठ्यामागं होती, वरून पेंडीचं रिकामं पोतं टाकलेलं. पाहुणे आले की ते पोतं नीट ओढून घ्यायचं, हे मला कुणी न सांगता कळायला हवं होतं. सायकल मुलाची. जाड टायरची, गियरची, डोंगरात चालवायची. कॉलेजात असताना त्यानं हट्टानं घेतली आणि रांजणगावला कंपनीत लागला तशी सोडून गेला. पुढं माझे गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. त्यांच्या मनात दवाखान्यातली जागेवर फिरणारी सायकल असावी. मी गोठ्यामागची काढली.

सेहेचाळिसाव्या वर्षी सलवार-कमीज घालून मी सकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला लागले. आमच्या खुटबाव गावानं आधी हसून घेतलं, मग गावाला सवय झाली. सवय झाली नाही ती माझ्या दिरांना. ते सोसायटीचे चेअरमन, आणि यंदा निवडणूक होती.

एका रविवारी नाश्त्याला त्यांनी विषय काढलाच. "वहिनी, पारावर लोक इचारत्यात, चेअरमनच्या घरात गाडी न्हाई का म्हणून."

आमचे मालक चहा पीत होते. घरात वाद निघाला की यांना चहा फार लागतो.

"मग काय करू?" मी म्हणाले.

"इकून टाका. गुडघ्याला तेल लावा." मग ते हसले. "आन् ती सायकल डोंगराची हाय म्हणं. तुम्ही डोंगर कवा चढला? कालव्याच्या कडंनं तर म्हशीबी चालत्यात."

विकायचं बोलले ते मी गिळलं असतं. म्हशीचं मला लागलं. खरं तर लागलं यासाठी की ते खरं होतं. मी म्हणाले, "पुढच्या रविवारी भांडगावचा डोंगर चढते. फॉरेस्टमधनं मागच्या अंगाला उतरून घरी येते, एकटी. त्यानंतर या घरात सायकलीवर बोलायचं न्हाई."

"आन् मधनंच फोन केला, न्यायला या म्हणून?"

"तर विका सायकल."

यांनी कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

रविवारी सहाला निघाले. रेल्वे ओलांडली, हायवे ओलांडला, शेवटचा उसाचा फड मागं पडला आणि फॉरेस्टचं तारेचं कुंपण लागलं. आमच्याकडच्या जंगलाला बाहेरचा माणूस जंगल म्हणणार नाही. खैर, हिवर, बोरी, मधून मधून कडुनिंब, आणि पाऊस नुकताच सरल्यामुळं कमरेएवढं गवत, वरून पिवळं पडत चाललेलं. त्याची कुसळं पायमोज्यातून टोचत राहतात. पण सकाळच्या उन्हात सगळा उतार हलत होता आणि एका वळणावर चिंकाऱ्याची जोडी माझ्याकडं बघत उभी राहिली, तेव्हा मी कुणाशी भांडून आले आहे हे घटकाभर विसरले.

चढ मात्र मला विसरला नाही. मुरमावर मागचं चाक जागेवर फिरायचं. चाक सरकायला लागलं की खाली बघायचं नाही, पुढं बघायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, दोनदा कोपर सोलून घेतल्यावर कळलं. जिथं बसून जमलं नाही तिथं ढकलत नेली. ढकलायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. नऊच्या सुमाराला खिंडीत पोचले. खाली कालवा, रेल्वे, उसाचे हिरवे तुकडे आणि आमच्या गावाची पाण्याची टाकी दिसत होती. दिरांचा सगळा कारभार इथून माझ्या तळहाताखाली झाकला जात होता. मी तो झाकूनही बघितला.

खिंडीतून मागच्या अंगाला दोन वाटा उतरत होत्या. एक अरुंद, गवतात निम्मी बुडालेली. दुसरी रुंद, पांढरी, चांगली बडवलेली. मी रुंद धरली. आम्हा बागायती लोकांना एवढंच ठाऊक: वाट रुंद असेल तर ती कुणाच्या तरी दाराशी जाते. अर्धा तास मी ब्रेकवर बोटं आवळून, दगडांवरून उड्या घेत, मोठ्यानं हसत उतरले. एवढी मजा मला लग्नानंतर कशात आली नव्हती आणि हे मी कुणापुढंही बोलायला तयार आहे.

वाट एका लहानशा पाझर तलावाशी जाऊन संपली. पुढं कातळाची भिंत. पाण्याला मेंढरं लागली होती आणि माझ्याच वयाची एक मेंढपाळ बाई काठी टेकून माझ्याकडं बघत होती.

"गाव कुठं राहिलं?" मी विचारलं.

"गाव हिकडं कुठलं? ही मेंढरांची वाट हाय. मेंढरू पाण्याला येतं, गावाला कशाला जाईल?" ती म्हणाली. मग माझं गाव विचारलं, सासरचं घराणं विचारलं आणि पदरात तोंड घालून हसली. "म्हंजी तुम्ही आमच्यातल्याच की. तुमचं सासरं ह्याच पाण्यावर मेंढरं पाजायचं, आमचा म्हातारा सांगतो. उसात गेलात आन् वाटा इसरलात व्हय?"

सासऱ्यांनी अर्धं आयुष्य हा डोंगर तुडवला आणि त्यांची सून एका रुंद वाटेला भुलली. तिनं मला तिच्याकडची अर्धी भाकरी दिली आणि काठीनं खिंड दाखवली. परत वर जाऊन ती गवतातली वाट धरायची, दुसरा रस्ता नव्हता.

वर जायला मला दोन तास लागले. निम्म्या चढावर सायकल खांद्यावर होती. ऊन डोक्यावर आलं, पाण्याची बाटली संपली आणि गुडघ्यात कळ यायला लागली, ती प्रत्येक पावलाला दिरांच्या आवाजात म्हैस म्हणायची. खिंडीत फोनला रेंज आली. दिरांचे तीन फोन येऊन गेले होते. मी त्यांचा नंबर काढला. बोट त्यावर ठेवलं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं होतं. एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत पाय पसरून घरी पडले असते, आणि मग मरेपर्यंत गुडघ्याला तेल लावत बसले असते. मी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

गवतातली वाट खरी निघाली. खाली डांबरी रस्त्याला लागले तेव्हा मागच्या टायरमध्ये बाभळीचा काटा शिरला होता. पंक्चरचं एकच ठिगळ आणलं होतं, ते सकाळीच सराट्याच्या काट्यांनी संपवलेलं. काटा उपसला असता तर हवा एकदम गेली असती. तो तसाच ठेवला, पंपानं हवा भरली, दहा मिनिटं चालवली, पुन्हा भरली.

गाव दीड कोसावर असताना समोरून आमची पिकअप आली. दीर खाली उतरले. चेहरा उतरलेला.

"वहिनी, चार वाजाया आलं. घरात कुणी जेवलं न्हाई. बसा गाडीत, कुणाला कळणार न्हाई."

मला त्यांचं वाईट वाटलं. माणूस खरंच घाबरला होता. पण शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

"मी फोन केला न्हाई, भाऊजी," मी म्हणाले आणि पायडल मारलं.

त्यांनी गाडी वळवून मागं घेतली. रस्ता अरुंद, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाण्याची चारी. त्यांनी एकदा हॉर्न दिला. मी साइड दिली नाही. दर दहा मिनिटांनी मी हवा भरायला रस्त्याच्या मधोमध थांबायचे, की चेअरमनची गाडीही थांबायची. गावात शिरताना टायर पुन्हा बसायला लागला होता. घरापर्यंत कसाबसा गेला असता. मी बरोबर पारासमोर उतरले आणि सावकाश पंप लावला.

पारावरच्या एका आबांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडं बघितलं, मग पिकअपकडं. "चेअरमन, आज मागनं?"

दिरांनी काच खाली केली. मग म्हणाले, "वहिनी डोंगर उतरून आल्यात, आबा. दम लागला आसंल."

"तिला कुठं दम लागलाय," आबा म्हणाले. "तुमालाच लागल्याला दिसतोय."

घरी पोचल्यावर मी सायकल गोठ्यामागं नेली नाही. पुढच्या अंगणात, जिथं दिरांची पांढरी गाडी उभी असते तिथं, भिंतीला टेकवली आणि पोतं म्हशीखाली अंथरलं. तेव्हापासून सायकल तिथंच असते. गाडी काढायला अडचण होते हे मला माहीत आहे. दीर रोज सकाळी दोनदा मागं-पुढं करून काढतात.